ड्रायरचा व्हेंट क्रॉल स्पेसमधून कुठून काढावा? (कॅरी, नॉर्थ कॅरोलिना)

अनघा_कॅरी

नमस्कार मंडळी,

रालेजवळ कॅरीमध्ये आम्ही नव्वदच्या दशकात बांधलेलं घर घेतलं आहे. लाँड्री रूम घराच्या अगदी पोटात आहे, तिची एकही भिंत बाहेरची नाही. ड्रायरची गरम हवा जमिनीतल्या भोकातून खाली क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे घराखालच्या बुटक्या पोकळीत, जाते. घर घेताना इन्स्पेक्टरनं रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की चांदीसारखी चुण्यांची नळी खाली मातीवर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर नुसती सोडून दिली आहे, बाहेरपर्यंत गेलेलीच नाही. आता ते काम करायलाच हवं.

एका कॉन्ट्रॅक्टरनं येऊन दोन मार्ग सुचवले:

पहिला, सरळ मागच्या भिंतीकडे, १५ फूट. पण तिथे बाहेर जाळीची पोर्च आहे, म्हणजे तोंड पोर्चच्या लाकडी जमिनीखाली उघडणार.

दुसरा, डाव्या भिंतीकडे, २६ फूट. वाटेत एसीचा मोठा डक्ट (हवेचा पाइप) आहे, त्याला वळसा घालावा लागेल. बाहेर पडण्याची जागा एसीच्या युनिटला अगदी लागून.

बाकी माहिती: ड्रायर इलेक्ट्रिक आहे. जॉइस्ट (घराची जमीन पेलणारे लाकडी वासे) २x१० इंची, दर १६ इंचांवर एक, पुढून मागे जाणारे. मधोमध त्यांना पेलणारा आडवा गर्डर (मोठी तुळई) आहे आणि लाँड्री त्याच्या मागच्या बाजूला येते. पाया विटांचा. मागच्या बाजूला सिल प्लेटपासून (पायाच्या माथ्यावरच्या लाकडी पट्टीपासून) जमीन सुमारे २४ इंच खाली आहे.

कोणता मार्ग घ्यावा? तिसरा काही आहे का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

---

गिरीश_बॉथेल

अनघा, मार्ग ठरेल तेव्हा ठरेल, पण आजपासून तो ड्रायर बंद ठेवा. आमच्या सिएटलकडे जवळजवळ प्रत्येक जुन्या घराला क्रॉल स्पेस असते. आधीच्या घरात आमचा डक्ट जोडावरून सुटला होता. बसवणाऱ्यानं जोडाला साधी कापडी डक्ट टेप लावली होती, तिचा गोंद उष्णतेनं वाळून गेला. वर आम्हाला काही कळलं नाही, उलट कपडे लवकर वाळत होते. खाली फायबरग्लासचं इन्सुलेशन भिजून लोंबत होतं, जॉइस्टवर काळी बुरशी आणि सगळीकडे लिंटचा, म्हणजे कपड्यांतून निघणाऱ्या तंतूंचा, राखाडी थर. साफ करून घ्यायला जो खर्च आला त्यात नवा वॉशर-ड्रायर आला असता.

कपड्यांच्या एका लोडमधून दोन-तीन लिटर पाणी सहज वाफ होऊन निघतं. आठवड्याला चार-पाच लोड धरा. ते सगळं पाणी तुमच्या घराच्या लाकडाखाली जात आहे.

---

रानवारा

मी पुण्यातून वाचतेय. इथे आम्ही गॅलरीत दोरीवर वाळत घालतो, पावसाळ्यात फक्त हाल. तिकडे मागच्या अंगणात दोरी बांधता येत नाही का? खरंच विचारतेय, कारण एवढं भोक पाडायचं काम टळेल.

---

अनघा_कॅरी

रानवारा, आम्ही शक्य तेव्हा घालतो. पण आमच्या सोसायटीच्या नियमांत बाहेर दोरी चालत नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये पाइनच्या झाडांचे पिवळे परागकण इतके उडतात की गाडी, ओसरी, पायऱ्या सगळं पिवळं होतं. घरात मुलाला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे त्या दिवसांत बाहेर वाळवलेले कपडे नकोच. जाळीच्या पोर्चमध्ये स्टँड ठेवते, पण चादरी आणि टॉवेल ड्रायरशिवाय निभत नाहीत.

गिरीश, ड्रायर बंद केला. सध्या जवळच्या लाँड्रोमॅटवर.

---

सुतारपक्षी

मी अटलांटात एचव्हॅक, म्हणजे घर गरम-थंड ठेवण्याच्या आणि हवा खेळवण्याच्या यंत्रणांच्या डिझाइनचं काम करतो. इथली मातीही तुमच्यासारखीच लाल, हवाही तितकीच दमट. जरा सविस्तर लिहितो, कारण या कामात घाईनं भोक पाडलं की ते बुजवता येत नाही.

आधी लांबीचा हिशोब समजून घ्या. अमेरिकेतला निवासी कोड, आयआरसी, ड्रायरच्या डक्टला जास्तीत जास्त ३५ फूट देतो. ड्रायरच्या मागची जी लवचीक नळी असते ती यात धरत नाहीत, तिच्यापुढच्या पक्क्या डक्टपासून बाहेरच्या तोंडापर्यंत मोजायचं. प्रत्येक वळणाची मात्र वजावट आहे. दुकानात मिळणाऱ्या साध्या ९० अंशाच्या एल्बोला (वळणाच्या जोडाला) ५ फूट, ४५ अंशाच्या एल्बोला अडीच फूट. तोच एल्बो मोठ्या गोलाईचा, १० इंच त्रिज्येचा आणि आतून गुळगुळीत घेतला तर ९० अंशाला फक्त दीड फूट आणि ४५ ला ९ इंच. नॉर्थ कॅरोलिनाचा कोड आयआरसीवरच बेतलेला आहे. तरी तुमच्या टाउनच्या इन्स्पेक्शन विभागाला फोन करून पर्मिटचं विचारून घ्या. आणि तुमच्या ड्रायरच्या पुस्तिकेत त्याची स्वतःची कमाल लांबी दिलेली असेल, तीही पाहा.

आता तुमचे दोन मार्ग.

डावीकडचा: २ फूट खाली उतरणं, २६ फूट आडवं, एक ९० चा एल्बो, एसीच्या डक्टला वळसा म्हणजे दोन ४५ चे. २ + २६ + ५ + ५ = ३८. साध्या एल्बोंनी नियमातच बसत नाही. मोठ्या गोलाईचे घेतले तर ३१, बसतं. पण तोंड एसीच्या युनिटला लागून नको. युनिटच्या कॉइलमधून पंखा सतत हवा ओढत असतो, ड्रायरची ओली लिंट कॉइलच्या पात्यांवर चिकटून बसते आणि उन्हाळ्यात एसीचा दम निघतो.

मागचा: २ + १५ + ५ = २२. लांबीला झकास. पण पोर्चखाली तोंड उघडणं म्हणजे क्रॉल स्पेसमध्ये सोडण्याची धाकटी आवृत्ती. वाफ पोर्चच्या लाकडाला खालून लागणार, लिंट तिथेच साठणार, आणि ती साफ करायला कोणी कधी जाणार नाही. उत्पादकांच्या सूचनांतही घराखालच्या किंवा बंदिस्त जागेत तोंड उघडू नका असं असतं.

म्हणून तिसऱ्याकडे बघू. पण त्यासाठी आधी बाहेरून सुरुवात करा. घराला बाहेरून फेरी मारा आणि तोंड कुठे चालेल ते शोधा, मग तिथून उलटं लाँड्रीकडे या. बहुतेक जण लाँड्रीतून सुरुवात करतात आणि भिंतीला पोचल्यावर समोर खिडकी सापडते.

मला हे मोजून सांगा: पोर्चची डावी कड लाँड्रीच्या सरळ रेषेपासून किती फूट? तिच्या पलीकडे मागच्या भिंतीत खिडक्या, पायाची हवेची जाळी, नळ, मीटर काय काय आहे?

---

कोकणकडा

पोर्चखालून पाइप तसाच पुढे १२ फूट बाहेर अंगणापर्यंत का नेत नाही? ३४ होतात, ३५ च्या आत.

---

सुतारपक्षी

कोकणकडा, कागदावर बसतं, पण शेवटचे १२ फूट उघड्या थंड हवेत लोंबणार. जानेवारीत गरम ओली हवा गार पत्र्याला लागली की आतल्या बाजूला पाणी धरतं. पाण्यात लिंट चिकटते, वाळून खापरीसारखी घट्ट होते, दर महिन्याला पाइप आतून अरुंद होत जातो. शिवाय सुट्या पाइपला उंदीर-पक्ष्यांची भर. पाइपचा जितका भाग घराच्या आत राहील तितका बरा, आणि तोंड थेट भिंतीतून.

---

मीनल_एडिसन

आमच्याकडे न्यू जर्सीत बेसमेंट आहे, त्यामुळे क्रॉल स्पेसचं मला माहीत नाही, पण साफसफाईवर बोलल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेच्या फायर अॅडमिनिस्ट्रेशननं २००८ ते २०१० या काळाचा अहवाल काढला होता: घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी, आणि त्यांत सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं, ३४ टक्के. थंडीत, विशेषतः जानेवारीत, हे प्रमाण वाढतं. मार्ग ठरवतानाच ब्रश कुठून घालणार ते ठरवा. जिथे हात पोचत नाही तिथली सफाई होत नाही.

---

अनघा_कॅरी

मोजलं. पोर्च लाँड्रीच्या रेषेच्या डावीकडे ६ फूट जाते. पोर्चच्या कडेपासून ४ फुटांवर, म्हणजे लाँड्रीच्या रेषेपासून १० फुटांवर भिंत मोकळी दिसते. पण त्या जागेपासून उजवीकडे, पोर्चच्या बाजूला, २ फुटांवर पायाची हवेची जाळी आहे. खिडकी डावीकडे, बऱ्याच अंतरावर.

आणि एक प्रश्न. जॉइस्टना भोकं पाडून पाइप आरपार नेता येईल का? कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ते आम्ही करतो."

---

सुतारपक्षी

अनघाताई, त्याला तिथेच थांबवा. साध्या लाकडी जॉइस्टला त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं भोक पाडता येत नाही, आणि भोक वरच्या-खालच्या कडेपासून किमान २ इंच दूर हवं. २x१० ची खरी उंची सव्वानऊ इंच. एक तृतीयांश म्हणजे जेमतेम ३ इंच. तुमचा पाइप ४ इंचांचा. २x१२ असता तरी पावणेचार इंचच मिळाले असते. म्हणजे साध्या जॉइस्टमधून ड्रायरचा डक्ट आरपार जातच नाही. जो माणूस "करतो" म्हणतो तो तुमच्या घराची जमीन कमकुवत करणार आहे. डक्ट एकतर दोन जॉइस्टच्या मधल्या खणातून त्यांना समांतर जातो, नाहीतर जॉइस्टच्या खाली टांगून.

आता मला जे सुचवायचं होतं ते. तुमचा डक्ट लाँड्रीतून उभा खाली येतो आणि ९० चा एल्बो घेऊन आडवा होतो. तो एल्बो कोणत्याही दिशेला फिरवता येतो. मग मागे सरळ जाऊन पुन्हा डावीकडे वळायचं कशाला? जॉइस्टच्या खालून तिरकाच न्या. कॉन्ट्रॅक्टर लोक काटकोनात विचार करतात, कारण वरच्या मजल्यावरच्या भिंती काटकोनात असतात. खाली क्रॉल स्पेसमध्ये भिंती नाहीत.

१० फूट डावीकडे आणि १५ फूट मागे, तिरकं अंतर १८ फूट. मागच्या भिंतीला सरळ बाहेर पडायला शेवटी एक फिरवता येणारा ४५ चा एल्बो. हिशोब: २ + १८ + ५ + अडीच = साडेसत्तावीस. साध्या एल्बोंनीसुद्धा ३५ च्या बरंच आत.

अडचण त्या हवेच्या जाळीची. तोंड इमारतीच्या कोणत्याही उघड्या भागापासून ३ फूट दूर हवं, आणि पायाची जाळी हा उघडा भागच आहे. २ फुटांवर ठेवलंत तर बाहेर टाकलेली वाफ जाळीतून परत आत. म्हणून अजून २ फूट डावीकडे सरका. १२ आणि १५, तिरकं सव्वाएकोणीस फूट. जाळी ४ फुटांवर जाते. एकूण सुमारे पावणेएकोणतीस. खिडकीचं अंतर तिथून पुन्हा मोजा.

गर्डर जॉइस्टच्या खाली लोंबतो, पण तुमची लाँड्री त्याच्या मागच्या बाजूला आहे, त्यामुळे तो आड येत नाही. पुढच्या भिंतीकडे जायचा विचार मात्र त्यामुळेच सोडून द्या.

---

गिरीश_बॉथेल

तिरक्या मार्गाला अनुमोदन. उतार विसरू नका. डक्ट बाहेरच्या दिशेला किंचित उतरता हवा, म्हणजे आत पाणी धरलंच तर ते तोंडातून बाहेर पडेल. मधे कुठेही पोट पडलं तर तिथे डबकं.

---

अनघा_कॅरी

उतार किती? आणि तिरका नेला तर बाहेरचं तोंड जमिनीला फार टेकणार नाही ना?

---

सुतारपक्षी

चांगला प्रश्न. भोक पाडण्याआधी हे कागदावर काढायलाच हवं.

फुटाला पाव इंच उतार धरा. सव्वाएकोणीस फुटांना पावणेपाच इंचांपेक्षा किंचित जास्त. पाइपला इन्सुलेशन गुंडाळलेलं असणार, म्हणून सुरुवातीला पाइपचा मध्य जॉइस्टच्या खालच्या कडेपासून ४ इंच खाली. भिंतीशी पोचेपर्यंत तो पावणेनऊ इंचांच्या आसपास येतो. पाइपची खालची कड आणखी २ इंच खाली, म्हणजे पावणेअकरा. जॉइस्ट सिल प्लेटवर टेकलेले आहेत आणि सिलपासून जमीन २४ इंच खाली, तर तोंडाखाली सव्वातेरा इंच उरतात. बहुतेक पुस्तिका १२ इंच मागतात, बसतं. पण तिथे मल्च (झाडांभोवती पसरतात तो लाकडाचा चुरा) टाकून माती वर आणू नका, आणि फुलझाडं लावली असतील तर तोंडासमोरची काढा. तुम्हाला जागा कमी पडली तर उतार फुटाला आठवा हिस्सा इंचापर्यंत कमी करता येईल.

याचा अर्थ भोक सिलच्या खाली विटेतून पडणार, बँड जॉइस्टमधून (जॉइस्टच्या टोकांवरच्या आडव्या फळीतून) नाही. त्याला डायमंड कोअर बिट (गोल भोक कापणारं हिरेदार पातं) लागतं आणि ते भाड्यानं मिळतं. साध्या छिन्नीनं विटा फोडू देऊ नका, आजूबाजूचे सांधे हलतात. भोक पाडल्यावर पाइप आणि विटेमधली फट बाहेरून सीलंटनं नीट भरायची.

सामान कसं असावं तेही लिहितो.

पाइप कडक, गुळगुळीत पत्र्याचा, ४ इंची, पत्र्याची जाडी किमान ०.०१५७ इंच. तो दुकानात उघडा, एकात एक बसवलेला मिळतो. त्याची लांबलचक शिवण खाली जाऊन जोडायची, त्यामुळे क्रॉल स्पेसच्या लहान दारातून नेता येतो. शिवण वरच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी गळणार नाही. चुण्या असलेलं टोक हवेच्या दिशेनं, म्हणजे बाहेरच्या बाजूला. एका पाइपचं चुण्यांचं टोक पुढच्या पाइपच्या आत शिरतं, त्यामुळे आत लिंट अडकायला कडच राहत नाही. जोडांवर फॉइलची टेप. स्क्रू लावलेच तर आत आठवा हिस्सा इंचापेक्षा जास्त डोकावू नयेत, नाहीतर लिंट तिथेच गाठ बांधते. मी तर टेप आणि पट्ट्यांवरच भागवतो.

टांगायला पट्ट्या. कोड १२ फुटांवर एक म्हणतो, मी ४-५ फुटांवर लावतो, कारण क्रॉल स्पेसमध्ये पुढे प्लंबर, पेस्ट कंट्रोलवाले, केबलवाले सगळे सरपटणार आणि कोणाचा तरी धक्का लागणार.

इन्सुलेशन: फॉइल चढवलेलं फायबरग्लासचं वेष्टन. हवेच्या जाळ्या असलेली क्रॉल स्पेस हिवाळ्यात जवळजवळ बाहेरइतकी थंड होते, तिथे उघडा पत्रा ठेवू नका.

बाहेरचं तोंड: एकच हलकी झडप असलेलं. त्यावर जाळी बिलकुल नको. जाळीवर लिंटचा पापुद्रा बसतो आणि आठवडाभरात ती बंद होते. कोडलाही जाळी मान्य नाही. पक्षी येतील ही भीती असेल तर चांगल्या बसणाऱ्या झडपेचं तोंड घ्या.

उतरत्या पाइपच्या तळाशी, जिथे तो आडवा होतो, टी-जोड बसवून खाली टोपण ठेवा. मीनलताईंचं म्हणणं तिथे पूर्ण होतं: ड्रायर न हलवता ते टोपण काढून दोन्ही बाजूंनी ब्रश घालता येतो. वळणाला लिंट सर्वांत जास्त तिथेच साठते. फक्त इन्स्पेक्टरला विचारा की एल्बोऐवजी तिथे टी चालेल का, काही ठिकाणी त्यांना आतून गुळगुळीत वळण हवं असतं.

आणि ड्रायरच्या मागची लवचीक नळी: एकच तुकडा, ८ फुटांपेक्षा कमी, यूएल २१५८ए (अमेरिकेतलं सुरक्षा-मानक) असं छापलेली, आणि ती जमिनीखाली किंवा भिंतीत जाता कामा नये. ती फक्त खोलीत. म्हणून पक्का पाइप जमिनीच्या वर थोडा निघून राहू द्या. जमिनीतल्या भोकाभोवतीची फट सील करा, नाहीतर क्रॉल स्पेसची हवा लाँड्रीत वर येत राहील.

---

कोकणकडा

त्यापेक्षा बूस्टर फॅन (डक्टमध्ये हवा पुढे ढकलणारा जादा पंखा) बसवला तर मार्गाची एवढी चिंताच नको ना?

---

सुतारपक्षी

२९ फुटांत गरज नाही. फॅन हा लांब मार्गाचा शेवटचा उपाय, आणि तोही ड्रायरसाठीच मान्य केलेला हवा, यूएल ७०५. क्रॉल स्पेसमध्ये बसवला तर त्याच्यापर्यंत पोचायला, त्याची लिंट काढायला कोणीतरी दरवर्षी पोटावर सरपटत जायला हवं. मार्ग आखडता येत असेल तर आखडा, पंखा लावू नका.

---

देवगडी

वेगळा विचार सुचवते. हीट पंप ड्रायर घेतलात तर व्हेंटच लागत नाही. हवा आतल्या आत फिरते, पाणी वॉशरच्या ड्रेनमध्ये जातं. आम्ही टाउनहाउसमध्ये तोच वापरतो, कारण बाहेर भोक पाडायला सोसायटीची परवानगी मिळेना. वेळ जास्त लागतो, जाड टॉवेलला तर बराच. पण कपडे कमी तापतात, सुती कुर्ते आटत नाहीत. किंमत जास्त आहे. लिंटची गाळणी मात्र दर लोडला साफ करायची, आत दुसरी गाळणी असते तीही नियमित.

---

अनघा_कॅरी

देवगडी, तो पर्याय आम्हीही पाहिला. सध्याचा ड्रायर चांगला चालतोय, म्हणून यावेळी व्हेंटच करतोय. पुढचा घेताना नक्की विचार करू.

सुतारपक्षी, काल नवऱ्यानं खाली जाऊन दोरा ताणून पाहिला, तिरक्या रेषेवर. खिडकी तोंडापासून ५ फुटांवर येते. पण मधे बेडरूमकडे जाणारा एसीचा लवचीक डक्ट अगदी जॉइस्टला चिकटून आडवा गेला आहे. त्याला वळसा घालायचा का?

---

सुतारपक्षी

नाही. तो लवचीक आहे, त्यालाच सरकवा. त्याचे पट्टे सोडून तेवढ्या भागात तो थोडा खाली घ्या आणि रुंद पट्ट्यांनी परत टांगा. त्याला घडी पडू देऊ नका, चेपू देऊ नका. ड्रायरचा पाइप सरळ राहिला पाहिजे, दोन ४५ वाचले तर ५ फूट वाचले. वळायचं कोणी, तर ज्याला वळता येतं त्यानं.

खाली जाताना एन-९५ मास्क, लांब बाह्या, हातमोजे, गुडघ्याचे पॅड. बाहेर एक माणूस थांबलेला हवा. आपल्या भागात कॉपरहेड साप आणि ब्लॅक विडो कोळी दोन्ही असतात, दाराशी थांबून आधी टॉर्च फिरवा. लोंबणाऱ्या वायरींना हात लावू नका.

---

मीनल_एडिसन

आणि जुनी लिंट सगळी उचलून घ्या. ओली असेल तर त्या भागातलं इन्सुलेशन काढून टाका, सुकवून परत वापरू नका.

---

गिरीश_बॉथेल

प्लॅस्टिक फाटलं असेल तर तेही बदला, सहा मिल (इंचाचे सहा हजारांश) जाडीचं. पुढे कधी क्रॉल स्पेस बंद करायचा विचार आहे का? तुमच्या राज्यात त्यावर बरंच काम झालं आहे. रालेच्याच अॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेनं प्रिन्सव्हिल गावातल्या घरांवर अभ्यास करून दाखवलं की दमट उन्हाळ्यात बाहेरची हवा आत घेणाऱ्या क्रॉल स्पेसपेक्षा बंद केलेली क्रॉल स्पेस जास्त कोरडी राहते. बाहेरची ओली हवा जाळीतून आत येते, खालच्या गारव्यानं तिची सापेक्ष आर्द्रता वाढते आणि लाकूड भिजतं. बंद केलीत तरी ड्रायरचा डक्ट बाहेरच जायला हवा, त्यात बदल नाही. उलट बंद जागेत ड्रायरची वाफ सुटली तर ती निघायला वाटच नाही.

---

अनघा_कॅरी

पुढच्या वर्षी बंद करायचा विचार आहे. तोवर हा पाइप.

टाउनला फोन केला. पर्मिट लागेल असं म्हणाले, आणि तळाशी टी चालेल, पण टोपण सीलबंद हवं. पाइपच्या एकूण लांबीचं लेबल ड्रायरजवळ लावायला सांगितलं.

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला तिरक्या मार्गाचं रेखाचित्र दाखवलं. त्यानं भोकाची जागा आणि उतार तसाच मान्य केला आणि विटेसाठी कोअर बिट वापरायचं कबूल केलं. शनिवारी काम आहे. पैसे देण्याआधी मी काय तपासू?

---

सुतारपक्षी

लेबल बरोबर आहे. पाइप झाकलेला असला की पुढच्या मालकाला लांबी कळावी म्हणून कोड ते मागतो, जोडापासून ६ फुटांच्या आत लावा.

तपासायचं असं. इन्सुलेशन गुंडाळायच्या आधी प्रत्येक जोडाचे फोटो मागा, नंतर दिसणार नाहीत. पाइपवर लेव्हल ठेवून उतार बाहेरच्या बाजूला आहे हे तुम्ही स्वतः बघा. मग ड्रायर रिकामा लावा आणि बाहेर जाऊन झडप पाहा: ती पूर्ण उघडायला हवी, अर्धवट फडफडत असेल तर आत कुठेतरी अडथळा किंवा गळती आहे. बंद केल्यावर ती आपोआप मिटायला हवी. नंतर ओल्या टॉवेलचा एक लोड लावून, तो चालू असतानाच टॉर्च घेऊन खाली प्रत्येक जोडावर हात फिरवा. कुठे गरम हवा लागली तर तिथली टेप काढून नव्यानं लावायला सांगा.

त्या लोडला लागलेला वेळ लिहून ठेवा. पुढे तेवढ्याच कपड्यांना वेळ वाढू लागला की लिंट साठतेय असं समजा आणि टी-चं टोपण उघडा.

---

देवगडी

गॅस ड्रायरवाल्यांसाठी या धाग्यात एक ओळ जोडा ना कोणीतरी. आमच्या शेजाऱ्यांकडे गॅसचा आहे, व्हेंट असाच खालून जातो.

---

सुतारपक्षी

गॅसचा असेल तर त्याच डक्टमधून जळालेला वायूही जातो, म्हणजे जोड सुटला तर क्रॉल स्पेसमध्ये कार्बन मोनॉक्साइड जमतो आणि जमिनीतल्या फटींतून घरात येतो. शेजाऱ्यांना सांगा की लाँड्रीजवळ आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आहेत का ते आजच पाहा. आणि ड्रायर छोट्या बंद कपाटात असेल तर त्याला हवा यायला कपाटाच्या दारात किमान १०० चौरस इंचांची जाळी हवी, ती नसेल तर व्हेंट कितीही चांगला असला तरी ज्योतीला हवा पुरत नाही.